मोटारीचे काटे

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी अशा एका अवस्थेत होतो, की माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी मला त्या वेळी पाहिले असते, तर पुढील सत्रात मी शेक्सपिअरविषयी काय सांगतो इकडे त्याचे लक्ष लागणे कठीण झाले असते. अकोल्याच्या आमच्या जुन्या घरी, छपरीत उभ्या असलेल्या फियाट मोटारीत मी उताणा पडलो होतो. पाठ पुढल्या बैठकीवर, पाय उघड्या दारातून बाहेर, मान सुकाणूच्या दांड्याखाली वाकडी, दातांत विजेरी आणि हातात पेचकस! वय छप्पन्न. तीस वर्षे अमरावतीस इंग्रजी वाङ्मय शिकवून जे काही ज्ञान गाठी बांधले, त्यातला एक कणही या स्थितीत माझ्या उपयोगी पडत नव्हता. बाहेर खुर्ची टाकून आई बसली होती. तिचे वय सत्त्याऐंशी. दर पाच मिनिटांनी ती विचारी, "अरे, निघाले का?" आणि विजेरी दातांत असल्यामुळे मी जो काही आवाज काढी, तो तिला होकारार्थी वाटे.

आम्ही त्या गाडीचे काटे काढीत होतो.

गाडीची थोडी ओळख करून दिली पाहिजे. ती १९६५ सालची. जन्म मुंबईस, कुर्ल्याच्या कारखान्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि इटलीतल्या फियाट कंपनीच्या परवान्याने 'अकराशे' नावाची गाडी इकडे बनविली. तिचाच १९६४ मध्ये निघालेला अवतार म्हणजे ही आमची 'डिलाइट'. पुढे १९७४ साली हिच्याच वंशाचे 'पद्मिनी' असे बारसे झाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्या टॅक्सींपैकी शेवटचीही मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेली. ज्या काळी ही गाडी नवी होती त्या काळी मोटार घेणे म्हणजे एक तपश्चर्याच असे. परदेशी गाड्यांना मज्जाव. देशात गाड्या करणारे कारखाने मोजून तीन, कलकत्त्याजवळ हिंदुस्थान मोटर्स, मद्रासेस स्टँडर्ड आणि मुंबईस प्रीमियर. मुलाच्या मुंजीत नाव नोंदवावे आणि त्याच्या लग्नात गाडी दारी यावी, असा सारा प्रकार. बाबांपाशी इतका धीर नव्हता आणि नव्या गाडीपुरता पैसाही नव्हता. अकोल्याच्या न्यायालयात त्यांची बेताची वकिली चाले. १९७४ साली त्यांनी एका डॉक्टरांची नऊ वर्षे वापरलेली ही गाडी विकत घेतली. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. गाडी अंगणात शिरली त्या दिवशी आईने तिला ओवाळले, आणि तिच्या भोंग्याने घाबरून शेजारची म्हैस दोरी तोडून पळाली, एवढेच मला आठवते.

२००३ सालानंतर ती चालली नाही. बाबांचे डोळे अधू झाले होते. २००९ साली बाबा गेले. तेव्हापासून ती छपरीत, अंगावर ताडपत्री पांघरून, घरातल्या एखाद्या अबोल वडीलधाऱ्या माणसासारखी बसून होती. तिला उठविण्याची कल्पना माझ्या पुतण्याची. तो पुण्यास अभियंता आहे. त्याने मला सांगितले की, २०२१ साली केंद्र सरकारने एक नियम केला असून, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली व मूळ स्वरूप राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदविता येते. तिला निराळ्या मालिकेचा क्रमांक मिळतो; मात्र नित्याच्या येण्याजाण्यासाठी ती रस्त्यावर आणायची नाही. पन्नाशी उलटल्यावर आपले मूळ स्वरूप राखावे आणि नित्याच्या कामात पडू नये, हा नियम मला मोटारींपेक्षा प्राध्यापकांना अधिक लागू पडण्याजोगा वाटला, आणि मी तत्काळ संमती दिली.

मिस्त्री मिळाले ते मोठ्या भाग्याने. सत्तरी गाठलेले, फियाट गाड्यांवरच हात बसलेले आणि कमी बोलणारे. इंजिन पाहून ते प्रसन्न झाले, पत्रा पाहून मुकाट राहिले आणि डॅशबोर्डाकडे पाहून त्यांनी मान हलविली. आतल्या काचेवर धुके धरले होते, पेट्रोलचा काटा आडवा पडला होता, आणि वेग दाखविणारा काटा शून्यापाशी जणू चिकटून गेला होता. ते म्हणाले, "सर, हे माह्यं काम नोहे. हे घडीवाल्यासारखं काम हाय. सारं काढून मुंबईले धाडा." मग काढण्याचे काम तरी आपण करू, असे मी म्हणालो. असे मी का म्हणालो हे मला आजही सांगता येणार नाही. बाबांच्या हाताखाली लहानपणी पाने-पेचकस देण्याचे काम मी पुष्कळ केले होते. पण प्रत्यक्ष पेच फिरविण्याची परवानगी मला कधी मिळाली नव्हती. कदाचित ती हौस चाळीस-पंचेचाळीस वर्षे आत दबून राहिली असेल.

या कामाचा क्रम मिस्त्रींनी मला शिकविला, आणि तो एखाद्या व्रताच्या विधीसारखा काटेकोर आहे. प्रथम बॅटरीची तार सोडावयाची. नाही तर एक चुकार ठिणगी सारी वायरिंग जाळून टाकते. मग डॅशबोर्डाखालून हात घालून, न पाहता, केवळ बोटांच्या जाणिवेने मागचे पेच सैल करावयाचे. प्रत्येक तार सोडण्यापूर्वी तिला चिठ्ठी बांधावयाची. दिव्यांचे लहान लहान बल्ब त्यांच्या खोबणींतून अलगद ओढून घ्यावयाचे. प्लॅस्टिकच्या कडांवर जोर द्यावयाचा नाही. अकोल्याचे साठ उन्हाळे सोसलेले प्लॅस्टिक पापडासारखे मोडते. आणि डायल कितीही मळलेली दिसली तरी तिला पेट्रोलचा बोळा लावावयाचा नाही, कारण मळाबरोबर आकडेही निघून जातात. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. काही जुन्या गाड्यांत पाण्याची उष्णता दाखविणाऱ्या काट्याला विजेची तार नसून केसाएवढी बारीक तांब्याची नळी असते व तीत ईथरसारखा द्रव भरलेला असतो. अडाणी माणूस ती तार समजून कापतो, आणि तो काटा कायमचा मरतो. "म्हून म्हंतो सर, पयले पाहाचं, मंग तोडाचं." टीकाशास्त्रावर मी आजवर जी व्याख्याने दिली, त्यांचे सार या एका वाक्यात आले आहे.

चिठ्ठ्या लिहिण्याचे काम अर्थातच माझे. 'पेट्रोल', 'उजवा दिवा', 'तेलाचा लाल दिवा', अशा चिठ्ठ्या मी सुवाच्य अक्षरांत लिहून दोऱ्याने बांधीत गेलो. पुस्तकाला तळटीपा देण्याची सवय असलेल्या माणसाला हे काम मनापासून आवडावे यात नवल नाही.

एकेक काटा सुटा होऊ लागला तसतशी त्याची मागची वागणूक मला आठवू लागली. आमचा पेट्रोलचा काटा हा स्वभावानेच आशावादी साक्षीदार होता. टाकीत तरंगणाऱ्या एका गोळ्यावर त्याची सारी साक्ष अवलंबून. गोळा कुठे अडला की काटा खुशाल पाव टाकी दाखवीत राही आणि गाडी बोरगाव मंजूच्या अलीकडे बंद पडे. बाबांनी त्याच्यावरचा विश्वास फार लवकर काढून घेतला होता. ते टाकीत एक खुणा केलेली वेताची काठी घालून पाहत. "उलटतपासणीत न टिकणारा साक्षीदार," असे ते त्या काट्याला म्हणत. तेलाचा लाल दिवा मात्र सत्यवादी. तो लागला की ते त्याच जागी गाडी थांबवीत, मग शेजारी निंबाची सावली असो वा भर उन्हात कापसाचे वावर असो.

शेवटी राहिला तो वेगाचा काटा, आणि त्याच्याच पोटातले किलोमीटरचे आकडे. या यंत्राची करामत लहानपणी मला जादूसारखी वाटे, आणि ती समजल्यानंतरही वाटते. गिअरपेटीतून एक लवचीक केबल निघते, ती वेगमापकाच्या पाठीशी येऊन एक लहान लोहचुंबक गरगर फिरविते. त्या चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी असते. चुंबक तिला शिवत नाही. तरीही त्याच्या फिरण्याने वाटीत विजेचे भोवरे उठतात, आणि ती त्याच्या मागे ओढली जाते. एक बारीक कमान तिला मागे खेचून धरते. या ओढाताणीत वाटी जेथे स्थिरावते तेथे काटा थांबतो, आणि तोच आपला वेग. ओटो शुल्झे नावाच्या एका जर्मन माणसाने १९०२ साली याचे पेटंट घेतले. अंतर मोजण्याची युक्ती मात्र याहून पुष्कळ जुनी आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या विट्रुव्हिअस या रोमन स्थपतीने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात एका गाडीचे वर्णन केले आहे. तिच्या चाकाचे चारशे फेरे झाले की एक मैल भरे, आणि त्यासरशी एक खडा खालच्या काशाच्या पात्रात टणकन पडे. प्रवास संपला की खडे मोजावयाचे. आपण किती चाललो याचा हिशेब कोणी तरी दुसऱ्याने, न चुकता, ठेवावा ही माणसाची इच्छा दोन हजार वर्षांची तरी आहे.

ही केबल वेगमापकाला एका खाचदार नटाने जोडलेली असते आणि तो नट बोटांनीच सोडावयाचा असतो. मी हात घातला. नट माझ्या हाताला लागेना. केबलच लागेना. मी आणखी खाली चाचपडलो, तो ती वायरींच्या जुडग्याआड लोंबत असलेली सापडली. मी मिस्त्रींना हाक मारली आणि म्हणालो, "केबल तुटली आहे. बाबा म्हणतच असत." मिस्त्री वाकले. त्यांनी केबलचे टोक विजेरीसमोर धरले आणि बराच वेळ पाहिले.

"हे तुटेल नाई सर," ते म्हणाले. "हे सोडेल हाय. कोनंतरी हातानं सोडेल हाय."

टोकाला पांढऱ्या कापडाची चिंधी गुंडाळलेली होती. ती काळजीपूर्वक गुंडाळून वर दोऱ्याची गाठ मारली होती. ती गाठ मी ओळखली. न्यायालयातल्या कागदांच्या फायली बाबा त्याच गाठीने बांधीत.

येथे वाचकांना बाबांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. 'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटे. आम्ही मुलांनी "तासाभरात येतो" म्हटले आणि सव्वा तासाने आलो, तर रागावण्याऐवजी ते घड्याळाकडे पाहून केवळ "पंधरा मिनिटे" एवढेच म्हणत, आणि ते रागावण्याहून वाईट असे. गाडीची त्यांनी एक वही ठेवली होती. लाल कापडी बांधणीची. प्रत्येक वेळी पेट्रोल घातले की तारीख, लिटर, मीटरवरील आकडा आणि प्रवासाचे कारण त्या वहीत लिहावयाचे, हा १९७४ पासूनचा शिरस्ता. आमच्या लहानपणी घरात रामायणमहाभारत जसे होते, तशीच ती वही होती. तीत खोटे असणे शक्यच नव्हते. आणि "मीटर बंद पडला" हे वाक्य मी त्याच माणसाच्या तोंडून, विद्यार्थिदशेत सुटीला घरी आलो असताना ऐकले होते.

जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटरची केबल कशासाठी सोडतात, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. गाडी विकावयाची असली की आकडा कमी दिसावा म्हणून मीटर मागे फिरवितात, नाही तर पुढे जाऊच देत नाहीत. मिस्त्री काही बोलले नाहीत. पण त्यांनी माझ्याकडे न पाहता हात पुसले, आणि मला अंगावर कोणी गार पाणी ओतावे तसे झाले. कारण मला तेवढ्यात एक पत्र आठवले होते. १९८६ साली मी नागपुरास वसतिगृहात राहून शिकत होतो. त्या पावसाळ्यात बाबांचे एक पत्र आले होते, आणि त्यात एकच ओळ गाडीविषयी होती: गाडी विकावी असे मनात आहे. तेव्हा मारुती गाड्या बाजारात येऊन दोनतीन वर्षे झाली होती. बाबांनाही नव्या गाडीचा मोह पडला असावा, असे समजून मी मनातल्या मनात हसलो होतो. आता हसू येईना.

त्या रात्री मी माळ्यावरून लाल वही काढली. १९८६ च्या जुलैपर्यंत साऱ्या नोंदी माझ्या ओळखीच्या बाबांच्या होत्या. '३ जुलै. अमरावती. जाऊन-येऊन १९२. मीटर ६८,४१७.' त्याखाली दुसरी नोंद: '१० जुलै. अमरावती. पेट्रोल १५ लिटर. मीटर बंद.' आणि मग पुढे सर्वत्र तेच दोन शब्द. मी इंग्रजीचा प्राध्यापक असलो तरी मराठी व्याकरण विसरलेलो नाही. 'मीटर बंद' यात कर्ता नाही. मीटर बंद पडला असेल, बंद केला असेल. वाक्य दोन्हींना वाट देते. आयुष्यभर पक्षकारांकडून कर्ता वदवून घेणाऱ्या वकिलाने स्वतःच्या वहीत मात्र कर्ता गाळला होता. त्या गाळलेल्या जागेकडे पाहत मी पुष्कळ वेळ बसून राहिलो. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी बापाविषयीचे मत बदलावे लागणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. माणूस स्वतःचे पुष्कळसे खरेखोटे त्या मापानेच मोजीत आलेला असतो, आणि मापच खोटे निघाले तर मागची सारी मोजणी पुन्हा करावी लागते.

नोंदी उलटता उलटता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. १० जुलैनंतरच्या अमरावतीच्या साऱ्या तारखा सात सात दिवसांच्या अंतराने होत्या. मी जुनी तिथिवार काढून पाहिले. सारे गुरुवार. मध्ये चारपाच गळलेले. बहुधा पूर आला असेल, किंवा दिवाळी आली असेल. शेवटची नोंद २१ मे १९८७ ची. त्याही दिवशी गुरुवारच. प्रवासाच्या कारणापुढे काहीही लिहिलेले नव्हते. मी मोजले: एक्केचाळीस गुरुवार.

सकाळी चहाच्या वेळी मी आईला विचारले. प्रश्न कसा विचारावा याची जुळवाजुळव मी रात्रभर केली होती, पण तोंडातून एवढेच निघाले, "आई, बाबांनी मीटरची तार का सोडली होती?"

तिने क्षणभरही विचार केला नाही. "अरे, ती किंचाळायची!" ती म्हणाली.

आणि मग, बशीत चहा ओतता ओतता, भाजीचा भाव सांगावा इतक्या सहजपणे तिने सारे सांगितले. त्या वर्षी तिच्या मानेचे मोठे दुखणे निघाले होते. अकोल्यात गुण येईना, म्हणून माझ्या मामांनी अमरावतीचे एक डॉक्टर सुचविले. दर गुरुवारी जावयाचे, उपचार घ्यावयाचा आणि रात्री परत यावयाचे. एस.टी.चे धक्के तिला सोसवत नसत, म्हणून गाडी. मागच्या बैठकीवर गादी घालून, उशांचा आधार देऊन बाबा तिला नेत. त्या दुखण्यात तिला कसलाही कर्कश आवाज सहन होत नसे; आवाज झाला की मानेपासून डोक्यापर्यंत कळ जाई. आणि त्या सुमारास मीटरची केबल आतून कोरडी पडून किंचाळू लागली होती. "पहिल्या खेपेला मूर्तिजापूर येईस्तोवर मी रडकुंडीला आले. ह्यांना सांगितले नाही. पण ह्यांनी आरशात पाहिले असेल. घरी आल्यावर रात्री कंदील घेऊन खाली शिरले आणि तार सोडून टाकली. म्हणाले, आता नाही वाजणार."

"तेल घातले असते तरी चालले असते," मी म्हणालो. सकाळीच मिस्त्रींकडून मी हे ज्ञान मिळविले होते.

"घालायचे होतेच. पण त्या वर्षी त्यांना कशालाच वेळ नव्हता. कोर्ट, स्वयंपाक, मी. आणि मग राहूनच गेले."

"आणि गाडी विकणार होते ते?"

"हो, पैशांसाठी. दवाखान्याचा खर्च का थोडा होता? पण गाडी विकल्यावर मला न्यायचे कशात?" असे म्हणून ती हसली. "तुला कळवायचे नाही असे त्यांनी मला बजावले होते. तुझी परीक्षा होती."

माझी परीक्षा होती! ती परीक्षा मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो. त्या वर्षी घरून येणाऱ्या प्रत्येक पत्रात 'येथील सर्व कुशल' हे वाक्य होते आणि ते मी न वाचताच पुढे जात असे. सुटीत घरी आलो तेव्हा आई नेहमीपेक्षा थोडी हळू चालते आहे एवढेच मला दिसले, आणि बाबा तोंडी लावायला म्हणून सांगितल्यासारखे म्हणाले, "मीटर बंद पडला." एरवी मिनिटामिनिटाचा हिशेब देणारा माणूस त्या वर्षात दोन खोट्या गोष्टी बोलला होता. एक मला पत्रातून, दुसरी स्वतःच्या वहीत. आणि मी रात्रभर त्या माणसाला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करून बसलो होतो.

अकोला ते अमरावती हा रस्ता मी असंख्य वेळा गेलो आहे. बोरगाव मंजू, काटेपूर्णेचा पूल, मूर्तिजापूर, बडनेरा. आता तो रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत पंचाहत्तर किलोमीटर डांबरी थर अखंड घातला गेला आणि त्याची नोंद गिनीजच्या विक्रमग्रंथात झाली. तास, मिनिटे, किलोमीटर, सारे चोख मोजलेले. आम्हा वऱ्हाडकरांना त्याचा अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता. पण १९८६ साली तो रस्ता अरुंद होता. समोरून ट्रक आला की एक चाक मातीत उतरवावे लागे आणि पावसाळ्यात ते तेथेच रुते. मागच्या बैठकीवर वेदनेने डोळे मिटून पडलेले माणूस, आणि पुढे खड्डा चुकवीत जाणारा एक पन्नाशीतला वकील. आज वेगाचा काटा कोठे आहे हे त्याला पाहावयाचेच नव्हते. त्याचा काटा मागच्या आरशात होता. पहिल्या खेपेच्या नोंदीप्रमाणे जाऊन-येऊन १९२ किलोमीटर. अशा एक्केचाळीस खेपा. म्हणजे ७,८७२ किलोमीटर. या गाडीने आपल्या आयुष्यात जे सर्वांत कठीण अंतर कापले, ते तिच्या मीटरवर नाही.

मला वाटते, आम्हा शिकलेल्या मंडळींचा काट्यांवर फार विश्वास. मी स्वतः तीस वर्षे मुलांना शंभरापैकी आकडे देत आलो. त्या आकड्यांचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. तेलाचा लाल दिवा पाहून थांबला नाही, तो मनुष्य इंजिन गमावून बसतो. परंतु काटा कोठे जोडलेला आहे आणि कोठे सोडलेला आहे हे पाहण्याची सवय मला नव्हती. ज्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवर मी निमूटपणे चौतीस लिहिले, त्याच्या घरी त्या वर्षी किती गुरुवार झाले, हे मी कधी विचारले नाही. विचारावयास हवे होते. आता पुढील चार वर्षे तरी विचारीन.

काट्यांची पेटी मुंबईहून परत आली तेव्हा नाताळची सुटी लागली होती. पुतण्याही आला होता. पेटीबरोबर कारागिराने एक प्रश्न पाठविला होता: आकडे शून्यावर आणून देऊ का? फुकट करून देतो. पुतण्याला ते पसंत होते. "काका, गाडी नवी होते आहे, तर मीटरही नव्याने सुरू होऊ द्या. नाही तर तुमचे ते ७,८७२ त्यात मिळवून देऊ. हिशेब पुरा होईल." क्षणभर मला मोह पडला. पण मग वाटले, ज्याने ते अंतर कापले त्यानेच ते मोजावयाचे नाही असे ठरविले. तो हिशेब आता आपण कोणाच्या अधिकाराने पुरा करणार? आणि १९८७ नंतरची सोळासतरा वर्षे गाडी तशीच मीटरवाचून धावली, त्यांचे काय? मी कारागिराला कळविले की, आकड्यांना हात लावू नये. ६८,४१७ च्या पुढे जे काही सरकले असेल तेवढेच राहू द्यावे. चिठ्ठ्या पाहून मी एकेक तार जागच्या जागी जोडली. मिस्त्रींनी केबल ओढून काढून तीत ग्रीस भरले, आणि चिंधीची गाठ सोडून तिचे टोक माझ्या हाती दिले. नट मी फिरविला. चिंधी आईने मागून घेतली.

नोंदणी व्हावयाची असल्यामुळे गाडी रस्त्यावर काढणे शक्य नव्हते. मग मिस्त्रींनी मागची दोन्ही चाके जॅकवर उचलली, इंजिन सुरू केले आणि गाडी गिअरमध्ये टाकली. चाके अधांतरी फिरू लागली. चिकटलेला काटा थरथरला, उठला आणि तिसावर जाऊन स्थिर झाला. आई मागच्या बैठकीवर बसण्याचा हट्ट धरून आधीच आत जाऊन बसली होती. आम्ही सारे त्या लहान खिडकीतल्या शेवटच्या आकड्याकडे डोळे लावून उभे होतो. तो हळूहळू वर सरकला आणि त्याच्या जागी पुढचा आला. एके काळी ही गाडी आठ हजार किलोमीटर गेली आणि तिने काही नोंदविले नाही. आज ती जागची हलली नाही आणि तिने एक किलोमीटर नोंदविला.

"वाजत नाही रे आता," आई मागून म्हणाली.

संध्याकाळी मी लाल वही उघडली. शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली आणि लिहिले: 'मीटर मी चालू केला. मीटरवर एक किलोमीटर वाढला. गाडी जागेवरच होती.' मग बाबांच्या ३ जुलैच्या नोंदीपर्यंत मागे गेलो आणि १० जुलैच्या ओळीसमोर, प्रवासाच्या कारणाची जी जागा एकोणचाळीस वर्षे कोरी होती, तेथे पेन्सिलीने, बारीक अक्षरांत, आईचे नाव लिहिले.